महापौर कुणी पाहिलाय?

15 जानेवारी 2026. गुरुवार. अख्ख्या मुंबईला सुट्टी! आमच्या अंधेरीच्या फ्लॅटमध्ये सकाळी दहापर्यंत कुणी उठलंच नाही. मग माझ्या दोघी फ्लॅटमेट्स आळस देत खाली उतरल्या, मागच्या शाळेत जाऊन मतदान करून आल्या आणि आल्या आल्या शाईच्या बोटाचे सेल्फी सुरू झाले. मी मात्र सोफ्यावर पाय घेऊन पोहे खात बसले होते. माझं नाव मुंबईच्या यादीत नाही. ते आहे धाराशिवच्या यादीत. आणि तिथलं मतदान मी डिसेंबरमध्येच, रात्रीच्या ट्रॅव्हल्सने जाऊन, उरकून आले होते.

"तुमच्याकडे किती बटणं दाबायची असतात?" एकीने सहज विचारलं.

"तीन. दोन वॉर्डातल्या मेंबरांना आणि एक नगराध्यक्षाला."

"म्हणजे गावचा मेयर तुम्ही डायरेक्ट निवडता?"

"हो. आणि तुम्ही?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांनी एकच बटण दाबलं होतं, नगरसेवकाचं. महापौर कोण होणार, हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. जेमतेम सव्वा लाखाच्या आसपास वस्तीच्या माझ्या गावात मी थेट पहिला नागरिक निवडून आले आणि देशातल्या सगळ्यात श्रीमंत महापालिकेत राहणाऱ्या या दोघींना तो हक्क नाही! पोहे गार झाले, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. मास कम्युनिकेशनची पदवी घेतलेल्या माणसाला प्रश्न पडला की तो आधी गुगल करतो, मग वाचनालयात जातो आणि शेवटी संपादकांना फोन करतो. मी तिन्ही केलं.

टपरीवर सापडणारा माणूस

आधी माझ्या गावाबद्दल. मी लहान असताना ते उस्मानाबाद होतं. हैदराबादच्या शेवटच्या निजामाच्या, मीर उस्मान अली खानच्या नावावरून पडलेलं नाव. 2023 साली अधिकृतपणे धाराशिव झालं. (आमचे आजोबा आधीपासूनच धाराशिव म्हणायचे, त्यामुळे घरात फारसा फरक पडला नाही.) जिल्ह्याचं ठिकाण असलं तरी तिथे महापालिका नाही, नगरपरिषद आहे. महापौर ही चीज आम्हाला सामान्यज्ञानाच्या पुस्तकातच भेटायची. आमच्या घरापासून सगळ्यात जवळचा महापौर सोलापूरला, एसटीने दीड-दोन तासांवर. लातूरला महापालिका झाली ती 2011 साली, तेव्हा मी सातवी-आठवीत होते.

नगराध्यक्ष मात्र ओळखीचा. पप्पांच्या भाषेत, "सापडतंय की टपरीवर!" कुणाच्या लग्नाला, कुणाच्या तेराव्याला, नाहीतर चौकात चहा पिताना. नळाला पाणी कधी येणार, हे लोक त्याला रस्त्यात अडवून विचारायचे. उत्तर बरोबर मिळायचं का, हा भाग वेगळा. पण विचारायला माणूस होता. 2016 साली, नोटाबंदीच्या त्या गडबडीत, मी आयुष्यातलं पहिलं मत टाकलं ते नगराध्यक्षालाच. एटीएमच्या रांगेतून निघून मतदानाच्या रांगेत उभी राहिले होते, अठरा वर्षांची, प्रचंड महत्त्वाची व्यक्ती असल्यासारखी.

एक खुलासा इथेच करते. थेट नगराध्यक्ष ही काही युगानुयुगांची परंपरा नाही. महाराष्ट्रात हा नियम कधी येतो, कधी जातो. 2001 साली आला, 2006 मध्ये गेला, 2016 ला परत आला, 2020 ला पुन्हा गेला आणि 2022 ला सरकार बदलल्यावर पुन्हा आला. प्रत्येक सरकार आपल्या सोयीने हे बटण मशीनवर बसवतं आणि काढतं. महापौराच्या बाबतीत मुंबईत मात्र एकदाही कुणाला ते बटण बसवावंसं वाटलेलं नाही. का? त्यासाठी दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

क्रॉफर्डसाहेबांची उधळपट्टी

क्रॉफर्ड मार्केटमध्ये आपण सगळेच कधी ना कधी गेलोय. ड्रायफ्रूट घ्यायला, दिवाळीच्या दिव्यांच्या माळा घ्यायला. आता त्याचं नाव महात्मा जोतिबा फुले मंडई. पण हा क्रॉफर्ड कोण? तर मुंबईचा पहिला एकटा म्युनिसिपल कमिशनर. आर्थर क्रॉफर्ड, 1865.

त्याच्या आधी 1858 च्या कायद्याने तीन कमिशनर नेमले होते. तिघांना मिळून एक शहर चालवता येईना. (ऑफिसात तीन बॉस असलेल्यांना हे लगेच कळेल.) दरम्यान अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, शहरात पैशांचा पूर आला, 1864 च्या शिरगणतीत लोकसंख्या आठ लाखांवर गेली. गटारं मात्र तशीच तुंबलेली. मग 1865 चा कायदा आला आणि सगळी सूत्रं एकाच माणसाच्या हातात गेली. वर देखरेखीला सरकारने नेमलेले जस्टिस ऑफ द पीस. मतदान वगैरे काही नाही.

क्रॉफर्ड कामाचा माणूस होता, यात वाद नाही. रस्ते, गटारं, साफसफाई, 1869 मध्ये पुरी झालेली ती सुंदर मंडई. तिच्या दारावरची शिल्पं रुडयार्ड किपलिंगचे वडील लॉकवूड किपलिंग यांच्या रेखाटनांवरून घडवलेली आहेत. पुढच्या वेळी बदामाचा भाव करताना जरा मान वर करून बघा. पण साहेबाचा हात सढळ. 1865 मध्येच कापसाचा फुगा फुटला होता, शेअर बाजार कोसळला होता, आणि इकडे म्युनिसिपालिटीचा खर्च वाढतच होता. कर भरणारे संतापले. 1871 मध्ये सभा, अर्ज, आंदोलन, आणि अखेर क्रॉफर्डला जावं लागलं.

इथे माझा आवडता माणूस गोष्टीत येतो. फिरोजशाह मेहता, वय वर्षं 26. माझ्यापेक्षा लहान! नुकताच विलायतेहून परतलेला बॅरिस्टर. नोव्हेंबर 1871 मध्ये फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये त्याने निबंध वाचला. सगळं शहर क्रॉफर्डच्या नावाने बोटं मोडत असताना हा पठ्ठ्या उभा राहून सांगत होता की दोष एका माणसाच्या हाती कारभार देण्यात नाही. दोष त्याला जाब विचारणारे लोक निवडून आलेले नाहीत, यात आहे. कारभारी एकच असू द्या, पण त्याच्या डोक्यावर लोकांनी निवडलेली सभा बसवा.

मला हे वाचून आधी धक्काच बसला. आपल्याला वाटतं, आयुक्तराज म्हणजे इंग्रजांनी लादलेलं जोखड. ते लादलेलं होतंच. पण त्यात तथ्य आहे असं म्हणणारा आपलाच माणूस होता, आणि पुढे तोच मुंबईच्या नागरी कारभाराचा जनक मानला गेला. 1872 च्या कायद्याने 64 जणांचं कॉर्पोरेशन आलं आणि त्यातले निम्मे करदात्यांनी निवडायचे ठरले. 4 सप्टेंबर 1873 ला पहिली सभा भरली. मग 1888 चा कायदा, ज्याच्या घडणीत मेहतांचा मोठा हात. कॉर्पोरेशन सर्वोच्च, स्थायी समितीकडे तिजोरीवर नजर, आणि कारभार सरकारने नेमलेल्या कमिशनरकडे. असंख्य दुरुस्त्या झाल्या, पण मुंबई महापालिका आजही 1888 च्याच कायद्यावर चालते. आपण ज्या फोनवर मालमत्ता कर भरतो, त्याच्यामागे राणी व्हिक्टोरियाच्या काळचा कायदा आहे!

गंमत म्हणजे त्याच 1888 साली क्रॉफर्डसाहेब पुन्हा गाजत होते. आता ते पुण्याला महसूल खात्यात बडे अधिकारी होते आणि मामलेदारांकडून पैसे घेतल्याच्या आरोपावरून त्यांच्यावर चौकशी बसली होती. ज्या मामलेदारांनी पैसे दिल्याचं कबूल केलं त्यांच्या बाजूने टिळक उभे राहिले. साहेबाची नोकरी गेली. मंडईला मात्र त्याचं नाव राहिलं.

भाडेकरूंनो, हे वाचाच

निवडणूक आली म्हणजे सगळ्यांना मत मिळालं, असं समजू नका. सुरुवातीला वर्षाला किमान 50 रुपये कर भरणाऱ्यालाच मत होतं. म्हणजे शेठ, घरमालक, बडे व्यापारी. चाळीतला, गिरणीतला, भाड्याच्या खोलीतला माणूस यादीत नाही. आपण सगळे अकरा महिन्यांच्या ॲग्रीमेंटवाले त्या काळात असतो, तर निवडणुकीच्या दिवशी आपल्याला नुसतीच गर्दी बघायला मिळाली असती. 1922 मध्ये कायदा बदलला आणि महिना 10 रुपये भाडं भरणाऱ्यालाही मत मिळालं. एका झटक्यात शहराचे मतदार बदलले. पुढच्याच वर्षी सरोजिनी नायडू मुंबईच्या नगरसेविका झाल्या, अवंतिकाबाई गोखले सभागृहात आल्या, 1924 ला विठ्ठलभाई पटेल अध्यक्ष झाले. प्रौढ मताधिकाराने, म्हणजे श्रीमंत-गरीब न बघता, पहिली निवडणूक झाली ती 1948 मध्ये. देशात लोकसभेची पहिली निवडणूक व्हायच्या आधी!

आणि 'महापौर'? 1931 पर्यंत या पदाला प्रेसिडेंट, अध्यक्ष म्हणत. त्या साली ते 'मेयर' झालं आणि जे. बी. बोमन-बेहराम हे पहिले मेयर. 'महापौर' हा खणखणीत शब्द सावरकरांनी दिला. पुर म्हणजे नगर, पौर म्हणजे नागरिक, महापौर म्हणजे नागरिकांमधला मोठा. शब्द ऐकून वाटतं, काय दरारा असेल! खुर्ची मात्र एका वर्षाची. कित्येक दशकं मुंबईचा महापौर दरवर्षी बदलायचा. म्हणून यादी मारुतीच्या शेपटासारखी लांब आहे आणि आपल्याला त्यातली चार नावंही येत नाहीत.

पण जी आहेत, ती भारी आहेत. के. एफ. नरिमन, ज्यांचं नाव आपण नरिमन पॉइंटला जाताना रोज घेतो, ते 1935 मध्ये महापौर होते. 'क्विट इंडिया' ही घोषणा देणारे युसूफ मेहेरअली 1942 मध्ये. स. का. पाटील सलग तीन वर्षं. 1956 मध्ये सुलोचना मोदी, पहिल्या महिला महापौर. मग शिवसेना आली: 1971 मध्ये हेमचंद्र गुप्ते, नंतर सुधीर जोशी, मनोहर जोशी. 1985 मध्ये छगन भुजबळ, एके काळी भायखळ्याच्या मंडईत भाजी विकलेले, 'सुंदर मुंबई, मराठी मुंबई'ची हाक देत महापौर झाले. महापालिकेतून निघालेला माणूस मुख्यमंत्री, उपमुख्यमंत्री, लोकसभेचा अध्यक्ष होतो हे मनोहर जोशी आणि भुजबळ या दोघांनी मिळून दाखवून दिलं. म्हणजे महापौरपद ही शिडी उत्तम. पण शिडीवर उभं राहून हात कुठे पोचतो?

गाऊन आहे, पेन नाही

फारसा कुठे नाही. महापौर सभा चालवतो, पाहुण्यांचं स्वागत करतो, मतं समसमान झाली तर निर्णायक मत देतो. फाइलवर सही आयुक्ताची. आयुक्त आयएएस, त्याला नेमणार राज्य सरकार. सभागृहातल्या पाच अष्टमांश सदस्यांनी ठराव केला तर आयुक्ताला घालवता येतं, पण इतके हात एकत्र वर जाणं म्हणजे काय, हे सोसायटीच्या मीटिंगला बसलेल्या कुणालाही विचारा. पैशाच्या नाड्या स्थायी समितीकडे, म्हणून जाणकार मंडळी महापौरापेक्षा तिच्या अध्यक्षपदासाठी जास्त जीव टाकतात. आणि कोणत्या प्रवर्गाचा महापौर होणार, हे तर मंत्रालयात चिठ्ठी काढून ठरतं.

एकदा बदल करून पाहिला होता. 1998 मध्ये मुंबई आणि नागपूरला 'मेयर-इन-कौन्सिल' आणलं. महापौर म्हणजे शहराचा छोटा मुख्यमंत्री, हाताखाली मंत्रिमंडळासारखी परिषद. 1999 मध्ये ते गुंडाळलंही. वर्षभर धड चाललं नाही. राज्य सरकार कुठल्याही पक्षाचं असो, मुंबईत लोकांनी थेट निवडलेला बलवान महापौर नको, यावर सगळ्यांचं एकमत असावं असा मला दाट संशय आहे. साधी गोष्ट आहे. 2025-26 चं मुंबई महापालिकेचं बजेट 74,427 कोटींचं होतं. एवढी तिजोरी, अख्ख्या मुंबईची थेट मतं आणि सहीचं पेन एकाच माणसाकडे असेल, तर मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावर झोप कशी लागणार?

त्यामुळे मुंबईकरांच्या आठवणीत राहतात ते अधिकारी. आईवडिलांच्या पिढीला विचारा: तिनईकर आठवतात, बुलडोझरवाले खैरनार आठवतात. तेव्हाचा महापौर कोण? शांतता. अलीकडच्या महापौरांपैकी माझ्या लक्षात राहिल्या त्या किशोरी पेडणेकर. राजकारणात यायच्या आधी त्या परिचारिका होत्या. एप्रिल 2020 मध्ये, कोविडच्या ऐन भीतीत, त्या परिचारिकेचा गणवेश घालून नायर रुग्णालयात गेल्या. कुणी त्याला फोटोसाठी केलेलं म्हणालं. मला त्यात दुसरंच दिसलं. महापौराच्या अंगावर गाऊन होता, पण त्या दिवसांत लोकांच्या उपयोगी पडेल असं त्यांच्याकडे जे होतं, ते आधीच्या नोकरीतलं होतं.

रिकामं सभागृह

7 मार्च 2022 ला त्या सभागृहाची मुदत संपली. प्रभागरचना, ओबीसी आरक्षण, कोर्टाच्या तारखा... निवडणूक लांबत गेली आणि आयुक्तच प्रशासक झाले. याआधी मुंबईत असं फक्त 1984-85 मध्ये झालं होतं. यावेळी मुक्काम जवळजवळ चार वर्षांचा. धाराशिवलाही तेच. पप्पांना टपरीवर अडवायला कुणी उरलं नाही.

2024 मध्ये एका पानासाठी 'वीकेंडला काय कराल' छापाचा मजकूर करताना मी महापालिकेच्या इमारतीचा हेरिटेज वॉक केला. बाहेर फिरोजशाह मेहतांचा पुतळा, वर 'अर्ब्ज प्रायमा इन इंडिस', म्हणजे भारतातलं पहिलं शहर, ही मिरवणारी ओळ. समोरच्या सीएसएमटीचे आर्किटेक्ट एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स, त्यांचंच हेही काम. 1893 मध्ये पुरं झालं, आणि मंजूर रकमेपेक्षा थोड्या कमी पैशात! (हे ऐकून आमच्या ग्रुपमधले एक काका खो-खो हसले.) मग आम्ही सभागृहात शिरलो. लाकडी बाकं, उंच छत, महापौरांची खुर्ची. सगळं पुसून लख्ख. आणि रिकामं. गाईड सवयीने वर्तमानकाळात बोलत होता: इथे महापौर बसतात, इथे नगरसेवक बसतात. कुणीच बसत नव्हतं. आम्ही फोटो काढले.

खरं सांगू? तोपर्यंत शहराला महापौर नाही, हे मला जाणवलंच नव्हतं. पाणी येत होतं. रोज सुमारे 385 कोटी लिटर, सात धरणांतून आणि तलावांतून. कचरा उचलला जात होता. बस येत होती. मग काय अडलं होतं? अडलं होतं ते असं, की तीन बजेटं आयुक्तांनी आयुक्त म्हणून मांडली आणि प्रशासक म्हणून स्वतःच घेतली. 'का' म्हणून विचारायला 227 जणांपैकी एकही तिथे नव्हता. 26 वर्षांच्या मेहतांनी 1871 मध्ये जो दोष दाखवला होता, तो नेमका हाच. कारभारी एक, आणि त्याला विचारणारं निवडून आलेलं कुणी नाही. 2025 च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने फटकारलं, तेव्हा कुठे निवडणुका लागल्या. डिसेंबरमध्ये माझ्या गावची, जानेवारीत माझ्या शहराची.

हे 'माझं गाव, माझं शहर' प्रकरण मात्र मला नीट सुटत नाही. पाच वर्षं मी अंधेरीत राहते. इथलं पाणी पिते, इथल्या खड्ड्यांतून रिक्षाने जाते, इथल्या पावसात अडकते. मत मात्र 400 किलोमीटरवर. तिकडे मी थेट नगराध्यक्ष निवडते, जो रस्ता दुरुस्त करेल त्यावरून मी वर्षातून दोनदा चालते. इकडच्या रस्त्यावरून रोज चालते, तर इथे मला बोलायला तोंड नाही. 1922 च्या आधीच्या भाडेकरूसारखी. फरक इतकाच, की त्याला कायद्याने बाहेर ठेवलं होतं, मी माझ्या आळसाने.

म्हणून परवा लॅपटॉप उघडून फॉर्म नंबर आठ काढला. पत्ता बदलण्याचा. भाडेकरार अपलोड केला, फोटो टाकला. जुन्या मतदारसंघाच्या जागी अजूनही 'उस्मानाबाद' लिहून येतं. शहर, जिल्हा सगळं धाराशिव झालं, विधानसभेचा मतदारसंघ राहिलाय. शेवटचं बटण दाबायच्या आधी पप्पांना फोन लावला.

"नाव काढायलीस का इथलं?" ते म्हणाले. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत.

"काढायलेय."

"बरं. काढ. राहतीस तिथं पाहिजे नाव. पण मग नगराध्यक्षाला तुझं मत नाही."

"नाही."

"आणि तिथं महापौरालाबी नाही."

"नाही. नगरसेवकाला एक आहे."

"कोण निवडून आलाय मग तुमच्या वॉर्डात?"

मी स्पीकर ऑन करून फ्लॅटमेट्सकडे पाहिलं. एक फोनवर शोधायला लागली. दुसरी म्हणाली, थांब, नाव माझ्या अगदी ओठांवर आहे.